औदुंबरच्या मात्रा मोजताना

कवितेचं रसग्रहण लिहायला घेतलं की हात आपोआप एक वाक्य लिहून मोकळा होतो, "प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे अतिशय सुंदर व मनोहारी वर्णन केले आहे." हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलंय आणि त्यावर मार्कही घेतलेत. गोची एवढीच की ते फ्री साईज कपड्यासारखं आहे, कुठल्याही कवितेला चढवा, बसतं. म्हणून कविता वाचणाऱ्या आमच्या छोट्या ग्रुपमध्ये ठरलं की प्रत्येकाने एक कविता घ्यायची, आधी वृत्त, मग यमक, मग अलंकार या क्रमाने जायचं, सुंदर-तरल-भावपूर्ण हे शब्द बाद, आणि जे काही म्हणाल त्याला ओळीतला पुरावा द्यायचा, नसेल तर गप्प बसायचं.

मी बालकवींची औदुंबर घेतली. एक तर आठच ओळी आणि दुसरं म्हणजे ती सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे आपल्याला ती कळलीय असा प्रत्येकाचा समज असतो, माझाही होता.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

पहिला प्रश्न असा येतो की मोजायचं काय. मराठीत हे तीन प्रकारचं असतं आणि कविता कुठल्या प्रकारातली आहे हे न ठरवता पेन्सिल हातात घेतली तर नुसता गोंधळ होतो. अभंग असेल तर अक्षरं मोजायची, लघु-गुरूची, म्हणजे ह्रस्व-दीर्घाची, भानगड नाही. "सुंदर तें ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनियां" हे बोटांवर मोजून बघा, सहा, सहा, सहा, चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. अक्षरगणवृत्त असेल तर अक्षरांची संख्या तर ठरलेली असतेच पण कितवं अक्षर लघु आणि कितवं गुरु हेही ठरलेलं, त्यात कवीला तसूभरही सूट नाही. मनाचे श्लोक घ्या, "मना सज्जना भक्तिपंथेचि जावे", तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडले की मनास-ज्जनाभ-क्तिपंथे-चिजावे, चारही वेळा लघु-गुरु-गुरु म्हणजे य गण, म्हणून भुजंगप्रयात, आणि हा नेम २०५ श्लोकांभर चालू. गण लक्षात ठेवायला "यमाताराजभानसलगा" हे एकच सूत्र पुरतं, ज्या गणाचं नाव त्या अक्षरापासून पुढची तीन अक्षरं घ्यायची, य-मा-ता म्हणजे लघु-गुरु-गुरु, झालं. तिसरा प्रकार मात्रावृत्ताचा, ज्याला जाती म्हणतात, तिथे लघुची एक आणि गुरूच्या दोन अशा मात्रा मोजायच्या, अक्षरं किती का होईनात.

हे तिन्ही ओळखायची सोपी युक्ती म्हणजे पहिल्या दोन-तीन ओळींची नुसती अक्षरं मोजणे. औदुंबरच्या पहिल्या ओळीत १९ अक्षरं, दुसरीत १६, तिसरीत १८. म्हणजे अक्षरांचा हिशोब नाही, गणांचाही नाही. पण मोठ्याने म्हटलं तर ठेका पक्का आहे, पायाने ताल धरता येतो, म्हणजे हिशोब मात्रांचा.

मग मी कविता चौकटीच्या वहीत उतरवली, एका चौकटीत एक अक्षर, वर लघुला अर्धचंद्र आणि गुरूला आडवी रेघ. मोबाईलवर करू नका एवढं मनापासून सांगते, कॉपी-पेस्ट केलेल्या कवितेकडे डोळे वरवर बघतात, हाताने उतरवताना प्रत्येक वेलांटी दिसते. आणि वेलांट्याच तर मोजायच्यात.

नियम तसे थोडे आहेत. अ, इ, उ, ऋ लघु, बाकीचे गुरु, ह्रस्व अक्षरावर खणखणीत अनुस्वार असेल तर ते गुरु, पुढे जोडाक्षर असेल आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर मागचं ह्रस्व अक्षर गुरु, आणि ओळीच्या शेवटचा लघु गरज पडली तर गुरु धरायची मुभा. जुन्या लेखनात सांवळा, गांव, पांढरी, तयांतुन असे टिंबांचे खच पडलेले असतात, ती बघून घाबरायचं नाही कारण ती अक्षरं आधीच दीर्घ आहेत, टिंब असलं काय नसलं काय, मात्रा दोनच. या अख्ख्या कवितेत अनुस्वारामुळे मात्रा वाढते असं अक्षर एकच आहे, औदुंबरमधला दुं.

खरी गंमत जोडाक्षराच्या नियमात आहे, कारण त्यातलं "आघात येत असेल तर" हे लोक विसरतात आणि जोडाक्षर दिसलं की मागच्याला दोन मात्रा देऊन टाकतात. सहावी ओळ बघा, "हिरव्या कुरणामधुनि". हिरव्यातल्या र पुढे व्या आहे, म्हणजे पुस्तकी हिशोबाने र गुरु. पण तोंडाने म्हणून बघा, "हिरव्या". र वर जोर येतो का? नाही येत. "सज्जन" म्हणताना स वर जसा दणका बसतो तसं काहीच इथे होत नाही. तुम्ही, पुन्हा, कुऱ्हाड यांतही तेच, म्ह-न्ह-ऱ्ह च्या मागचं अक्षर लघुच राहतं. र ला एक मात्रा दिली की ओळ २७ ची होते आणि दोन दिल्या की २८. चौथ्या ओळीतल्या शेतमळ्यांचीमध्येही म पुढे ळ्यां आलंय, तिथेही म लघु ठेवला तरच ठेका जमतो. मात्रा मोजताना शेवटचा शब्द कानाचा, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते या र मुळे.

इथवर आल्यावर सहज म्हणून कवितेतली सगळी जोडाक्षरं शोधली. तीन निघाली. आठ ओळींत तीन! मळ्यां, हिरव्या, काळ्या, तिन्ही य-वाली मऊ, आणि एकाचाही आघात नाही. मग लक्ष गेलं गरदीकडे. बोलताना आपण गर्दी म्हणतो. मला वाटलं मात्रेसाठी शब्द फोडला असणार, कवी करतात असं, पण मोजलं तर गर्दीच्या चार आणि गरदीच्याही चारच, एक-एक-दोन. म्हणजे वृत्तासाठी काहीही गरज नव्हती, "हिरवी गर्दी पुढे" सुद्धा बिनचूक बसलं असतं. पण तसं झालं असतं तर आख्ख्या कवितेतला तो एकुलता एक आघात ठरला असता, गर् वर. गरदी केल्यामुळे आठही ओळी एकही ठेच न लागता वाहतात. आता "कवितेची भाषा ओघवती आहे" असं मी लिहिलं तर माझ्याकडे त्याला पुरावा आहे, आधी नव्हता.

बेरीज अशी आली. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी ओळ प्रत्येकी २७ मात्रा. पहिली, दुसरी, सातवी, आठवी २६. पण या चारही ओळींच्या शेवटी लघु आहे, घेउन, बेटातुन, लाटांवर, औदुंबर, तो मुभेप्रमाणे गुरु धरला की त्याही २७. आणि या २७ मात्रा सरळ एका दमात नाहीत, आठ-आठ-आठ-तीन अशा पडतात. आठ मात्रांच्या आवर्तनाला कवी माधव जूलियन यांच्या छंदशास्त्रात पद्मावर्तन म्हणतात, म्हणजे तीन पूर्ण आवर्तनं आणि वर तीन मात्रांचं शेपूट.

हे शेपूट फार नीटस आहे. आठही ओळींची शेपटं एकाखाली एक लिहिली तर, उन, तुन, कडे, पुढे, पडे, कडे, वर, बर. सगळीकडे दोनच अक्षरं, आधी लघु मग गुरु किंवा गुरु धरलेला लघु. अपवाद नाही. यातून एक भलताच फायदा झाला, कवितेच्या ज्या वेगवेगळ्या प्रती फिरत असतात त्यांतली चुकीची जागा कुठली ते ओळखता यायला लागलं. काही ठिकाणी पहिल्या ओळीत आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे "घेऊन" केलेलं असतं, मात्रा ओढूनताणून भरतात, पण शेपटात दीर्घ ऊ आधी आला आणि बाकी सात ओळींचा नमुना मोडला. सहावीत कुणी "कुरणामधुनी" असं दीर्घ लिहिलं असेल तर सरळ एक मात्रा जास्त होते. शुद्धलेखन सुधारणाऱ्याचा हेतू चांगला असतो हो, पण जुन्या वृत्तबद्ध कवितेतल्या ह्रस्व-दीर्घाला हात लावू नये, ते व्याकरणासाठी नसतंच.

यानंतर जे सापडलं त्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. आठ मात्रा झाल्या की तिथे उभी रेघ मारायची असं करत गेले.

ऐल तटावर । पैल तटावर । पहिलं आवर्तन शब्दावर संपलं, दुसरंही शब्दावर संपलं. आणि दोन्ही आवर्तनांचा लघु-गुरु नकाशा अगदी एकसारखा, गुरु-लघु-लघु-गुरु-लघु-लघु, जसा एक काठ तसाच दुसरा. निळासांवळा । झरा वाहतो । इथेही शब्द रेघेवर संपतात. चार घरांचे । गांव चिमुकले । तसंच. शेतमळ्यांची । दाट लागली । तसंच. खाली झांकळुनी जळ । गोड काळिमा । आणि पाय टाकुनी । जळांत बसला । या दोन्हीही तशाच. सहा ओळींत एकही शब्द पहिली किंवा दुसरी रेघ ओलांडत नाही.

पाचवी ओळ, पायवाट पां । ढरी तयांतुन. शब्द मधोमध कापला गेला. सहावी, हिरव्या कुरणा । मधुनि चालली. पुन्हा शब्द रेघेच्या पलीकडे गेला.

आठ ओळींत शब्द असा रेघ ओलांडून जातो तो फक्त दोन ओळींत आणि त्या दोन ओळी कशाबद्दल आहेत? पायवाटेबद्दल! अडव्यातिडव्या जाणाऱ्या, कुरणातून चाललेल्या वाटेबद्दल. बाकी सगळं चित्र आपापल्या चौकटीत बसलेलं, झरा, गाव, शेतं, पाणी, झाड, आणि वाट तेवढी चौकटी ओलांडत जाते. मी दोनदा तपासलं, कारण इतकं नीट जमलेलं काही दिसलं की आपणच ते घुसडलं नाही ना अशी शंका येते. पण रेघा माझ्या नाहीत, त्या मात्रांच्या आहेत.

ग्रुपमध्ये हे सांगितलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं पण बालकवींनी हे मुद्दाम केलं असेल का? वही घेऊन बसले असतील रेघा मारत?" हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि माझं त्यावर मत असं की मुद्दाम केलं का हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. रेघा मारत बसले नसणारच. ज्याचा कान तयार आहे त्याला वाट लिहिताना ठेका किंचित हलवावासा वाटतो, एवढं झालं तरी पुरे. गाणारा तान घेताना स्वर मोजत नाही, पण म्हणून ऐकणाऱ्याने मोजू नये असं थोडंच आहे. तिला हे पूर्ण पटलं नाही. तिचं म्हणणं दोन ओळींवरून नमुना सिद्ध होत नाही, आणि तेही बरोबरच आहे, मी सिद्ध झालं असं म्हणत नाही, दिसतं असं म्हणते.

यमकाकडे वळले तर तिथे वेगळंच. वरवर बघता दोन-दोन ओळींची जोडी आहे, एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात-आठ. यमक नीट जुळायला शेवटच्या अक्षराआधीचा स्वर आणि त्याच्या पुढचं सगळं सारखं लागतं. घेउन-बेटातुन, उ आणि न, जुळलं. लाटांवर-औदुंबर, अ आणि र, जुळलं, शिवाय त्याच्या आधी दोन्हीकडे अनुनासिक आणि मग व-ब हे दोन्ही ओठांवरचे, त्यामुळे जोडी आणखी जवळ येते. पडे-डोहाकडे, अडे-अडे, चोख. फक्त तिसरी-चौथी, टेकडीकडे आणि पुढे, इथे स्वरही वेगळा आणि डे च्या जागी ढे. कडक मास्तर असते तर लाल रेघ मारली असती. मोरोपंतांच्या केकावलीतला "सुसंगति सदा घडो सुजनवाक्य कानी पडो, कलंक मतिचा झडो विषय सर्वथा नावडो" हा श्लोक आठवा, पृथ्वी वृत्त, ज-स-ज-स-य आणि लघु-गुरु, आठव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा, आणि प्रत्येक यतीला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी "डो". घडो पडो झडो नावडो दडो अडो रडो जडो, चार ओळींत आठ वेळा, एकही ढिला नाही. कारागिरी अशी की टाळी द्यावी. (मला स्वतःला मात्र तो श्लोक तिसऱ्यांदा म्हटला की कारागिरीच जास्त ऐकू यायला लागते, असो.)

पण कडे-पुढे ढिलं आहे म्हणून सोडून द्यायला मन तयार होईना, म्हणून सगळी शेपटं परत बघितली. कडे, पुढे, पडे, कडे. मधल्या चारही ओळी ड-ढ आणि ए वर संपतात. म्हणजे ऐकायला ही दोन-दोनची नाही तर दोन-चार-दोन अशी बांधणी आहे. वरच्या दोन ओळी न वर मिटतात, खालच्या दोन र वर मिटतात, मधल्या चार उघड्या ए वर राहतात. आणि त्या मधल्या चार ओळींतच गाव, शेतं आणि वाट आहे, म्हणजे माणसाचा जेवढा काही वावर आहे तो सगळा तिथे. वर झरा, खाली डोह आणि झाड. तिसऱ्या ओळीच्या शेवटी टेकडीकडे आहे आणि सहावीच्या शेवटी डोहाकडे, तेच "कडे", एकदा गाव ज्या बाजूला आहे ती दिशा आणि एकदा वाट जिकडे चाललीय ती दिशा, बरोबर उलटी. "पुढे" हा ढिला दुवा घालून का होईना पण कवीने चार ओळी एकाच आवाजात धरून ठेवल्यात, तिथे चोख यमकाच्या नादात दुसराच आवाज आणला असता तर ही साखळी तुटली असती.

अलंकारांचं काम त्यामानाने लवकर उरकलं, कारण बहुतेक ठिकाणी नाव देऊन हाती काही लागत नाही. अनुप्रास आहे, ट चा पहिल्या ओळीत, ड चा पाचवीत अडवीतिडवी पडे, ळ चा सातवीत झांकळुनी-जळ-काळिमा. हे लिहायचं ठीक आहे, पण अनुप्रासाने काय केलं हे सांगता आलं पाहिजे नाहीतर ती नुसती हजेरी होते. सातव्या ओळीत तीन ळ आहेत, बाकी कुठल्याच ओळीत इतके नाहीत, आणि ळ म्हणताना जीभ मागे वळते, शब्द जड होतो, तिथेच कविता उजेडातून अंधाराकडे आलेली आहे. एवढं म्हणता येतं. पाचव्या ओळीतल्या अडवीतिडवीचा लघु-गुरु नकाशा चौथ्या ओळीतल्या "हिरवी गरदी"सारखाच आहे, लघु-लघु-गुरु दोनदा, आणि जागाही तीच, तिसरं आवर्तन. म्हणजे शेतांची दाटी आणि तिच्यातून जाणारी वाट एकाच ठेक्यात.

चेतनगुणोक्ती, म्हणजे निसर्गातली गोष्ट माणसासारखी वागते तो अलंकार, सगळे औदुंबरावर लावतात, पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड, ते बरोबरच आहे. पण काही जण "वाट चालली" यालाही चेतनगुणोक्ती म्हणतात ते मला मान्य नाही, वाट जाते, वाट येते, वाट चुकते हे आपण रोज बोलतो, त्यात अलंकार शोधायला लागलं तर बोलणंच बंद करावं लागेल. त्यापेक्षा "शेतमळ्यांची गरदी" बघा. गर्दी माणसांची असायची, पण माणसांची वस्ती म्हणजे चार घरं, चिमुकलं गाव, आणि गर्दी केलीय ती शेतांनी. "गोड काळिमा" हा विरोधाभास म्हणून लिहिला, काळिमा म्हटलं की फासला जातो तो आठवतो, इथे तो गोड आहे आणि पाण्यावर अलगद पसरतोय.

रंगांची यादीही केली कारण बालकवी म्हटलं की रंग येणारच. हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. सहाव्या ओळीत सुरुवातीला हिरवं आहे आणि शेवटाकडे काळं, त्या एका ओळीत रंग बदलतो आणि त्यानंतर कवितेत हिरवं पुन्हा येत नाही. ज्यांत एकही रंग नाही अशा ओळी दोनच, चार घरांच्या गावाची आणि शेवटची औदुंबराची. झाडाला रंग दिलेला नाही हे मला वही भरल्यावर दिसलं, इतकी वर्षं मी ते मनात हिरवंगार बघत होते.

आणखी एक, पाचवी ओळ पायवाटेने सुरू होते आणि आठवी "पाय टाकुनी" ने. पायवाट डोहापाशी येते आणि डोहात पाय टाकून झाड बसलेलं. यावर मी जोर दिला नाही, "नोंद घ्यावी" एवढंच लिहिलं, कारण पाय हा शब्द इतका रोजचा आहे की दोनदा आला म्हणून लगेच बांधणी म्हणता येत नाही.

आता अर्थ. या आठ ओळींवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, औदुंबर म्हणजे विरक्ती, औदुंबर म्हणजे उदास कवी स्वतः, औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड, ज्याला जे दिसलं ते. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९०, आणि १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला, हे एकदा माहीत झालं की काळा डोह त्या मृत्यूशी जोडायचा मोह प्रत्येकाला होतो. मी ते पूर्ण बाजूला ठेवलं. कविता आधी लिहिली गेली, मरण नंतर आलं, आणि वृत्ताला त्यातलं काही माहीत नव्हतं. ओळींतून जेवढं निघतं तेवढंच घेतलं, माणसांच्या वावरातून निघालेली वाट चौकटी ओलांडत एका काळ्या पाण्याकडे जाते आणि तिथे जो आहे तो कुठेही जात नाही, बसलाय. झरा वाहतो, वाट चालली, काळिमा पसरी, या कवितेत बहुतेक सगळं हलतंय, आणि शेवटचं क्रियापद "बसला" आहे. हे लिहायला मला विरक्ती हा शब्द लागला नाही.

पुढच्या वेळी मैत्रिणीने बदला घेतल्यासारखा एक प्रश्न आणला, "सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची" हे ज्यात लिहिलंय ते वृत्त कुठलं? सगळे म्हणाले आर्या, ओळीतच लिहिलंय की. मोजा म्हणाली. सुश्लोक वामनाचा, १२. अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, १८. ओवी ज्ञानेशाची, १२. किंवा आर्या मयूरपंताची, पुन्हा १८. आर्येला शेवटच्या चरणात १५ मात्रा लागतात, १२-१८-१२-१८ झालं की ती गीती. आर्येची कीर्ती गाणारं पद्यच गीतीत! मयूरपंतांच्या, म्हणजे मोरोपंतांच्या, स्वतःच्या बऱ्याचशा आर्या तांत्रिकदृष्ट्या गीतीच आहेत आणि लोक सरसकट आर्या म्हणत आले, त्यामुळे यात कुणाची चूकही नाही. पण त्या दिवसापासून ग्रुपमध्ये कुणी "हे तर माहीतच आहे" म्हणालं की बाकीचे वही पुढे सरकवतात.

सध्या एकाने मुक्तछंदातली कविता आणलीय आणि त्याचं म्हणणं इथे मोजायला काहीच नाही त्यामुळे तो सुटला. सुटला नाहीये तो. मात्रा नसतील तर ओळ कुठे तोडलीय ते बघ, कुठला शब्द ओळीच्या शेवटी एकटा सोडलाय, कुठल्या ओळीत तीनच शब्द आहेत आणि कुठली ओळ श्वास संपेपर्यंत चालते, हे सगळं मोजता येतं, फक्त नियम आधीपासून ठरलेला नसतो, तो त्या कवितेतूनच शोधावा लागतो आणि ते जास्त अवघड आहे. त्याला म्हटलं आधी हाताने उतरवून काढ, मग बोलू.